गटात न बसणारे पद

आमच्या घराण्यात हुशार माणूस पूर्वी झालेला नाही. आजोबा सहकारी बँकेत कारकून, वडील एस.टी.त, मी पुन्हा सहकारी बँकेत. साठ ते पासष्ट टक्के ही आमची वडिलोपार्जित इस्टेट. ती कुणी वाढवली नाही, कुणी उडवलीही नाही. त्यामुळे घरात एकाएकी हुशार मूल निघाल्यावर त्याचं करायचं काय, हे सांगायला कुणी जाणतं माणूस नव्हतं. गोवर, कांजिण्या, डांग्या खोकला यांवर माझ्या आईकडे औषधं होती. हुशारीवर नव्हतं.

मुलगी हुशार आहे हे आम्हांला शाळेकडून कळलं, तेही तक्रारीच्या स्वरूपात. तिसरीत असताना बाईंनी बोलावून घेतलं.

"तुमची मुलगी वर्गात अजिबात लक्ष देत नाही."

मी मान खाली घातली. या वाक्याला मान खाली घालायची आमच्याकडे तीन पिढ्यांची सवय.

"आणि विचारलं की उत्तर बरोबर देते," बाई म्हणाल्या. "मग बाकीच्या मुलांना वाटतं, लक्ष दिलं नाही तरी चालतं. हे बरं नाही."

घरी येऊन सांगितलं, तर आई म्हणाली, "दृष्ट लागली पोरीला." तिने मीठ, मोहऱ्या आणि पाच लाल मिरच्या घेतल्या, पोरीवरून उतरवल्या आणि तव्यावर टाकल्या. ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबरदस्त, असा हिशेब असतो. ठसका लागला नाही. कन्या तव्याकडे बघत उभी होती. म्हणाली, "आजी, आता न उतरवता तेवढ्याच मिरच्या जाळून बघू. त्यांचाही ठसका लागला नाही, तर मिरच्याच जुन्या." आणि आम्ही कुणी अडवायच्या आत तिने नव्या पुडीतल्या पाच मिरच्या तव्यावर टाकल्या. त्या दिवशी आमचा अख्खा मजला जिन्यात उभा राहून खोकत होता. दृष्ट खरी की मिरच्या जुन्या, हा निकाल अजून राखून ठेवलेला आहे.

सांगलीत हुशार मुलाला रस्ता एकच, स्कॉलरशिप. आमच्या वेळी ही परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची. २०१६-१७ मध्ये ती पाचवी आणि आठवीला नेली, आणि मुलीच्या वेळी ती तिथेच होती. म्हणजे हुशारी सिद्ध करायला मुलांना एक वर्ष जास्त मिळालं, आणि क्लासला एक वर्षाची फी. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, वेळ ९० मिनिटं. हिशेब केला तर एका प्रश्नाला बहात्तर सेकंद येतात. आमच्या बँकेत बहात्तर सेकंदांत पेनाचं टोपणही निघत नाही.

क्लास लावला. पहिला महिना गोल काळे करण्यात गेला. उत्तरपत्रिकेवर पर्यायाचा गोल काळ्या बॉलपेनने पूर्ण भरायचा, रेघेबाहेर जाऊ द्यायचा नाही. पाचवीतल्या मुलाची प्रतिभा आधी त्या गोलात मावली पाहिजे. क्लासच्या सरांचा दावा होता की त्यांच्याकडे कुठलंही मूल आणून सोडा, गुणवत्ता यादीत येणार. आमच्या आईने हे ऐकून सरांना मनोमन ज्ञानेश्वरांच्या रांगेत बसवलं. रेड्याच्या जागी कोण, हे तिच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या महिन्यात बुद्धिमत्ता चाचणी सुरू झाली आणि तिथे गाडी रुतली. प्रश्न साधा होता. गटात न बसणारे पद ओळखा: पोपट, कावळा, चिमणी, वटवाघूळ.

मी म्हणालो, "वटवाघूळ. बाकीचे पक्षी, ते सस्तन."

"ते आहेच," कन्या म्हणाली. "पण कावळा पण आहे. पिंडाला शिवायला तो एकटाच लागतो."

"बरं."

"पोपट पण. बाकीच्यांना पेरू दिला म्हणून कुणी पिंजऱ्यात नाही घालत."

"अगं, पण..."

"आणि चिमणी. तिच्यातून धूर येतो."

तिने साखर कारखान्याकडे बोट दाखवलं. मी विज्ञानाचा आधार घेतला, तिने व्याकरणाचा घेतला. चिमणी एकटीच स्त्रीलिंगी, वटवाघूळ एकटंच नपुंसकलिंगी, म्हणजे वटवाघळाला दोन कारणं झाली, मग त्याला चार मार्क का नाहीत? घड्याळ बघितलं. बहात्तर सेकंद संपून बावीस मिनिटं झाली होती आणि अजून चौऱ्याहत्तर प्रश्न शिल्लक होते.

माझ्या आईला हा प्रकार ऐकून उमाळा आला. "ज्ञानेश्वरांनी सोळाव्या वर्षी ज्ञानेश्वरी सांगितली," ती म्हणाली. "तीही अशीच विचारी भावंडं."

"आणि गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

"म्हणजे गटात न बसणारे पद," कन्येने वहीत लिहून घेतलं.

तोवर हुशारीची बातमी नातेवाइकांत पसरली होती. तिची पुण्याची आत्या फोनवर म्हणाली, "आधी बुद्ध्यंक काढून घे. अंदाजपंचे काही करू नकोस." गेलो एका समुपदेशक बाईंकडे. बिने-कामत चाचणी केली. ही चाचणी मुळात आल्फ्रेड बिने या फ्रेंच गृहस्थाने सहकाऱ्यासोबत १९०५ मध्ये बनवली, ती कशासाठी? तर वर्गात मागे पडणारी, जास्त मदत लागणारी मुलं ओळखायला. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी ती आपल्याकडच्या मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतून घेतली. मागे राहिलेल्यांना हात द्यायला केलेली काठी आता आपण पुढे गेलेल्यांची उंची मोजायला वापरतो. काठीची तक्रार नाही.

आकडा आला १४१. घरी आल्यावर आईने विचारलं, "एकशे एकेचाळीस? जेवणाआधी की जेवणानंतर?"

मी त्या रात्री मोबाइलवर वाचत बसलो. हुशार मुलांच्या बापाला रात्री दुसरं काम नसतं. अमेरिकेत लुईस टर्मन नावाच्या प्राध्यापकाने १९२१ मध्ये बुद्ध्यंक मोजून दीड हजारांच्या आसपास मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा पिच्छा पुरवला. त्यांतली पुष्कळ मुलं उत्तम निघाली. नोबेल मात्र एकालाही मिळालं नाही. आणि ज्यांना मोजून 'पुरेसा हुशार नाही' म्हणून बाहेर ठेवलं, त्यांतल्या विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोघांना मिळालं, एकाला १९५६ मध्ये, दुसऱ्याला १९६८ मध्ये. दोघांनाही फिजिक्सचं.

सकाळी मी हे आईला सांगितलं. ती परात पुढ्यात घेऊन कणीक चाळत होती. म्हणाली, "त्यात काय नवल? चाळणीत राहतो तो कोंडा. खाली पडतं तेच पीठ."

आत्याचा पुन्हा फोन. "पुण्याला पाठव. प्रबोधिनीत घाल." आता ज्ञान प्रबोधिनीबद्दल मला आदर आहे. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ती सुरू केली आणि १९६९ मध्ये खास बुद्धिमान मुलांची प्रशाला काढली. हुशारी ही शिंक्यात टांगून ठेवायची वस्तू नाही, ती लोकांच्या कामी आली पाहिजे, हा तिथला आग्रह. तिथल्या मानसशास्त्राच्या लोकांनी गिलफर्ड नावाच्या अमेरिकन पंडिताचा आराखडा मनावर घेतला होता. त्यात बुद्धीचे १२० कप्पे आहेत. मी हिला हे सांगितलं, तेव्हा ती मिसळणाच्या डब्यात मोहरी भरत होती. डब्यात सात वाट्या. त्यातही हिंगाची आणि मेथीची एकमेकींत सांडलेली. ती म्हणाली, "एकशे वीस कप्पे असले तरी पोरगी दहा वर्षांची आहे. रात्री भीती वाटली की माझ्या अंथरुणात येते. ती कुठल्या कप्प्यात?" पुण्याचा विषय तिथे संपला.

या सगळ्या धावपळीत मुलगी रोज संध्याकाळी कुठे असते, याची चौकशी करायला मला सवड नव्हती. ती खाली मामांकडे असायची.

मामा म्हणजे आमच्या सोसायटीचे वॉचमन. मूळचे जत तालुक्यातले. आमच्या जिल्ह्याची गंमत अशी की एका टोकाला कृष्णेचं पाणी दाराच्या कडीला लागतं आणि दुसऱ्या टोकाला माणसं टँकरची वाट बघतात. मामा त्या दुसऱ्या टोकाचे. पाण्याकडे बघायची त्यांची नजर निराळी. मोटर चालू-बंद करणं हे त्यांचं काम, आणि खालच्या टाकीत पाणी किती हे बघायला त्यांनी एका काठीवर खिळ्याने खुणा केल्या होत्या. रोजचा आकडा वहीत. ती वही आमच्या बँकेच्या लेजरपेक्षा चोख होती, हे मी कबूल करतो, कारण मॅनेजर हे वाचणार नाहीत.

क्लासमध्ये तेव्हा अॅडव्हान्स बॅच चालू झाली होती. आठवीची गणितं पाचवीत करून घेतात, त्याला अॅडव्हान्स म्हणतात. त्यात ते पुरातन गणित आलं. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा नळ भरलेली टाकी आठ तासांत रिकामी करतो. दोन्ही नळ एकदम सोडले तर टाकी किती तासांत भरेल? उत्तर चोवीस तास. माझ्या बापाला चोवीस आलं होतं, मला चोवीस आलं होतं. आमच्या घराण्यात जी काही गणितं पाठ आहेत, त्यांतलं हे एक.

कन्या म्हणाली, "भरणारच नाही."

"का?"

"बाबा, तू टाकी रिकामी होताना बघितलीयस का कधी?"

मी सहकारी बँकेत बावीस वर्षं आहे. ठेवी रिकाम्या होताना बघितल्या आहेत, टाकी नाही.

"भरलेली असताना तोटीतून पाणी जोरात येतं. कमी झालं की करंगळीएवढं येतं. मग आठ तास सारखंच कसं जाईल? हे मी मामांना विचारलं."

"मग काय म्हणाले मामा?"

"म्हणाले, मला बी ठावं न्हाई. बघूया की."

मी जरा थांबलो. शाळेतल्या बाई, क्लासचे सर, समुपदेशक बाई, आत्या आणि मी, अशा पाच जाणत्या माणसांच्या हाताखालून ही मुलगी गेली होती. त्यांतल्या एकानेही तिला 'मला ठाऊक नाही' असं सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी मला खाली बोलावणं आलं. मामांनी रंगाची वीस लिटरची बादली धुऊन तिला तळाशी तोटी बसवली होती. वरून बागेची नळी. नळी अशी पिळून ठेवली की बादली एकटीने भरायला सहा मिनिटं लागावीत. तोटी अशी फिरवून ठेवली की भरलेली बादली रिकामी व्हायला आठ मिनिटं. एवढं जुळवायलाच त्यांना शनिवारची अख्खी संध्याकाळ लागली होती. तोटीचं पाणी चर काढून अळवाच्या वाफ्यात सोडलेलं. जतचा माणूस शास्त्रासाठी सुद्धा पाणी वाया घालवत नाही.

दोन्ही एकदम सोडलं. हिशेबाने चोवीस मिनिटांत बादली काठोकाठ भरायला हवी होती. मी खुर्ची घेऊन बसलो. वरच्या मजल्यावरचे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका फिरायला निघाले होते, तेही थांबले. दूधवाला थांबला. बादलीत पाणी चढत गेलं, आधी भराभर, मग सावकाश, आणि अर्ध्याच्या जरा खाली येऊन जे थांबलं ते थांबलंच. चोवीस मिनिटं झाली. तीस झाली. चाळीस झाली. अळवाचा वाफा तुडुंब झाला, बादली तेवढीच. मामा काठी घालून खूण बघायचे आणि वहीत तोच आकडा पुन्हा लिहायचे. गंमत म्हणजे तोच आकडा आला तरी दर वेळी नव्याने लिहायचे.

पाटबंधारेवाल्या काकांनी खिशातलं लग्नाचं पाकीट काढलं आणि पाठीमागे गणित मांडलं. ते म्हणाले, टोरिचेली नावाच्या इटालियन माणसाने सतराव्या शतकातच हे सांगून ठेवलंय, पाण्याचा जोर वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळावर असतो. वर्गमूळ निघाल्यावर मी सगळ्यांसाठी चहा सांगायला उठलो. परत आलो तेव्हा काका पाकिटाकडे डोळे विस्फारून बघत होते. "नऊ भागांपैकी चार," ते म्हणाले. "टाकी नऊ भागांतल्या चार भागांवर थांबेल. पोरगी बरोबर आहे. मी छत्तीस वर्षं धरणाच्या खात्यात काढली आणि हे चोवीस तासांचं गणित माझ्या नातवाला परवाच शिकवलं."

मामांनी खूण मोजली. बादलीच्या उंचीचे नऊ भाग केले. चारच्या खुणेजवळ पाणी. मामा काहीच बोलले नाहीत. त्यांनी तोटी बंद केली आणि ओल्या हातानेच चहाचा कप घेतला.

मी फुशारकीने क्लासच्या सरांना गाठलं. सरांनी शांतपणे ऐकलं. वाईट माणूस नाही, साठ मुलांची बॅच सांभाळतात. म्हणाले, "साहेब, टाकी भरो न भरो. उत्तर चोवीस, पर्याय क्रमांक तीन. अशी पोरं परीक्षेत गोत्यात येतात. हुशार आहे, पण जरा आवरा तिला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बादली अजून आहे का तिथं? रविवारी येऊन बघेन म्हणतो."

मामांना मी एकदा विचारलं, तुम्ही किती शिकलात? सातवी. पुढची शाळा लांब, आणि घरात खाणारी तोंडं सात. त्यांचे मास्तर त्यांना बुद्धीचा म्हणायचे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणात खेड्यातल्या हुशार मुलांसाठी नवोदय विद्यालयं आली. पहिल्या दोनांपैकी एक आपल्या अमरावतीला. तेव्हाचे शिक्षणाचे मंत्री नरसिंह राव. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेणारा हा माणूस. अशा माणसाच्या लक्षात खेड्यातली पोरं आली, यात नवल नाही. फक्त त्या वर्षी मामा दोन मुलांचे बाप होते आणि उसाच्या फडात कोयता चालवत होते. सहावीच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं वय जरा उलटून गेलं होतं.

परीक्षा जवळ आली तशी मी माहितीपत्रक नीट वाचलं. त्यात आठवीच्या परीक्षेची एक मौज सापडली. तेव्हा आठवीत वीस टक्क्यांपर्यंत प्रश्नांना चारांतले दोन पर्याय बरोबर असू शकत, आणि दोन्ही लिहावे लागत. मी आनंदाने कन्येला सांगितलं, अजून तीनच वर्षं कळ काढ.

ती विचारात पडली. "मग पाचवीत असताना ते दुसरं बरोबर उत्तर कुठे असतं?"

परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर आईबापांची जत्रा. डबे, पाण्याच्या बाटल्या, पाट्या, आणि हातात देवाचा अंगारा. पोरं बाहेर आली तसा एकच गलका उठला, "किती सुटले? किती सुटले?" सुटले म्हणजे राहिले. आमच्या बँकेत कॅश जुळली नाही की असाच आवाज येतो.

"नऊ सुटले," कन्या म्हणाली.

"एकाच प्रश्नावर अडकलीस ना?"

"नाही. एका मुलीचं पेन चालत नव्हतं, तिच्यासाठी बाईंना हाका मारत बसले." मग आठवून म्हणाली, "गटात न बसणारं होतं. गाजर, मुळा, बीट, बटाटा."

मी धास्तावलो. "मग?"

"बटाटा केलं. बाकीची मुळं, बटाटा खोड. ते पेपराचं उत्तर आहे. बाकीची मी मामांना विचारणार."

संध्याकाळी ती खाली जाऊन आली. रात्री जेवणं झाली, अंथरुणं पडली. साडेदहाला इंटरकॉम वाजला. एवढ्या रात्री इंटरकॉम म्हणजे एक तर मोटर जळालेली, नाही तर कुणाचे पाहुणे चुकलेले. मी धावत जाऊन उचलला.

"साहेब, झोपमोड केली," मामा म्हणाले. "पोरगी जागी हाय काय? न्हाई तर सकाळी सांगा. मुळा."

"मुळा काय?"

"मुळा येगळा. पाला खातोय आपण त्याचा, डिंगऱ्या बी खातोय. गाजराच्या शेंगा कोण खातंय का?"

मी मागे वळलो. कन्या अंधारात दारात उभी होती, अंगात फ्रॉक, पायात माझ्या चपला.

"बिटाचा पाला खातात काही लोक," ती म्हणाली. "मामांना थांबायला सांग. मी आलेच."